गिरणगावचा श्वास : मुंबईच्या चाळी, गिरण्या आणि क्षयरोगाची शंभर वर्षे

१/ सप्टेंबर १८९६. मांडवी भागातील रुग्ण तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि मुंबई हादरली. हजारो लोक शहर सोडून गेले, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, नवे कायदे आले. प्लेगचा हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु त्याच वेळी, त्याच चाळींमध्ये आणखी एक आजार वस्तीला होता. त्याच्या भीतीने कोणी शहर सोडले नाही. तो आजार म्हणजे क्षय. गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर या भागांनी या आजारासोबत दिवस कसे काढले, त्याचा हा धागा. 🧵

२/ प्लेगचा रुग्ण काही दिवसांत दगावे. क्षयाचा रुग्ण वर्षानुवर्षे जगे. तो खोकत कामावर जाई, घरी परते, मनिऑर्डर पाठवी, गणपतीला गावी जाई आणि हळूहळू झिजत राही. इतिहासाच्या साधनांत साथीचा आजार ठळक दिसतो, कारण तो तारखेसह येतो आणि तारखेसह जातो. जुनाट आजाराला अशी तारीख नसते. त्यामुळे त्याचा माग घरांच्या नकाशांत, गिरणीच्या खात्यांत आणि गावाकडे जाणाऱ्या वाटांवर घ्यावा लागतो.

३/ आजार जुना, त्याचे नावही जुने. आयुर्वेदात त्याला ‘राजयक्ष्मा’ म्हटले आहे. पुराणकथेनुसार चंद्राने दक्षाच्या सत्तावीस कन्यांपैकी एकट्या रोहिणीवरच प्रेम केले, म्हणून दक्षाच्या शापाने तो झिजू लागला. राजाला, म्हणजे चंद्राला, झालेला म्हणून राजयक्ष्मा. चरकसंहितेत या रोगाची चार कारणे सांगितली आहेत : शक्तीबाहेरचे श्रम, शरीराच्या नैसर्गिक वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि अवेळी, अयोग्य आहार. जंतूची कल्पना नसलेल्या काळातील ही यादी आहे. तरीही ती वाचताना गिरणी कामगाराचा दिनक्रम डोळ्यांसमोर उभा राहतो.

४/ जंतूचा शोध लागला तो २४ मार्च १८८२ रोजी. त्या दिवशी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. क्षय रक्तातून, वंशातून येतो, नाजूक प्रकृतीच्या माणसांना होतो, अशा समजुतींना त्यामुळे तडा गेला. हेच कॉख पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आले होते. म्हणजे क्षयाचा जिवाणू शोधणारा माणूस क्षयाने ग्रासलेल्या शहरात आला, तोही दुसऱ्याच आजारासाठी. सरकारचे लक्ष तेव्हा कुठे होते, हे त्यावरून कळते.

५/ कारण कळले, तरी औषध नव्हते. त्या काळाची मराठी माणसाला सर्वांत जवळची साक्ष म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेतली. त्या वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कॉखच्या घोषणेला पाच वर्षे होत आली होती. तरी डॉक्टर झालेल्या रुग्णालाही वैद्यकशास्त्राकडून मिळण्यासारखे फारसे काही नव्हते.

६/ आता गिरणगावाकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि ताडदेवला गिरणी उभी राहिली. शतक संपेपर्यंत मुंबईत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यात भोंग्यावर चालणारे एक स्वतंत्र जग तयार झाले. कोकण, घाट आणि देशावरून माणसे येत राहिली. कामाला हात हवे होते. त्या हातांसोबत आलेली माणसे राहणार कुठे, याचा विचार मात्र कोणी आधी केला नव्हता.

७/ ती राहिली एका खोलीत. १९२१ च्या सुमारास मुंबईतील दर दहा माणसांपैकी जवळपास सात माणसे एकखोली घरात राहत होती. एकट्याने आलेल्या पुरुषांची सोय गावकीच्या खोलीत होई. एकाच गावची वीस-पंचवीस माणसे मिळून खोली घेत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा तिथेच पथारी टाकी. गावकीच्या या खोल्या म्हणजे गरिबांनी गरिबांसाठी उभारलेली मोठी आधारव्यवस्था होती. नवख्याला छप्पर, बेकाराला उधारी आणि आजाऱ्याला सोबत तिथेच मिळे.

८/ क्षयाच्या जिवाणूलाही हीच व्यवस्था सोयीची ठरली. हा जिवाणू हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, तेव्हा अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. मोकळी हवा त्यांना पांगवते, सूर्यप्रकाश जिवाणूला मारतो. चाळीच्या आतल्या अंगाच्या खोलीत या दोन्हींचा तुटवडा. लागण झालेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. साधारण दहांपैकी एकालाच आयुष्यात केव्हातरी रोग होतो. पण शरीर उपासमारीने, श्रमाने किंवा दुसऱ्या आजाराने खचले, की झोपलेला जिवाणू जागा होण्याची शक्यता वाढते.

९/ गिरणीच्या आत परिस्थिती वेगळी नव्हती. सुताचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. कापूस पिंजण्याच्या खात्यांत तंतूंची धूळ उडत राही. या धुळीमुळे ‘बिसिनोसिस’ नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. त्याची एक विचित्र खूण आहे : सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. हा आजार संसर्गजन्य नाही. पण खोकला धुळीचा की क्षयाचा, हे कामगाराला कळणार कसे? दोन्ही खोकले एकाच छातीत नांदत आणि निदान लांबत जाई.

१०/ कामाचे तास पाहू. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा कामाचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ मध्ये तो अकरा तासांचा झाला, १९३४ मध्ये दहा तासांचा आणि १९४८ च्या कायद्याने नऊ तासांचा. म्हणजे ज्या काळात क्षयावर ‘संपूर्ण विश्रांती’ हा एकमेव मान्य उपचार होता, त्या काळात गिरणगावातील रुग्ण दिवसाचे दहा-बारा तास उभा राहून काम करीत होता.

११/ गिरणीतील हवेच्या या कहाणीत जातीचाही धागा आहे. साचेखात्यात मजुरी चांगली मिळे, पण दलित कामगारांना तिथे प्रवेश नसे. कारण असे सांगितले जाई की धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो आणि सवर्ण विणकरांना तो ‘विटाळ’ चालणार नाही. १९२८ च्या प्रदीर्घ संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि दलित कामगारांना विणाईचे काम मिळाले पाहिजे, अशी मागणी केली.

१२/ तोंडाने धागा ओढण्याच्या या पद्धतीवर इतर देशांतही वाद झाला होता. आरोग्याच्या कारणास्तव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तिच्यावर बंदी घातली होती. तिथे चिंता होती ती रोगाची. मुंबईच्या साचेखात्यात मात्र चर्चा रंगली ती कोणाच्या ओठांचा धागा कोणाला चालतो यावर. ज्या दमट, कोंदट हवेत सगळ्या जातींचे कामगार एकत्र श्वास घेत होते, तिच्याबद्दल विटाळाच्या नियमांत काहीही नव्हते.

१३/ शहराच्या कारभाऱ्यांना हवेचे महत्त्व कळत नव्हते असे नाही. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांत समुद्राचे वारे शिरावेत म्हणून ट्रस्टने नवे रस्ते काढले. गिरगाव चौपाटीच्या बाजूने पूर्वेकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा श्यामलदास गांधी मार्ग, हे त्यांपैकी दोन. आज वाहतुकीने गजबजलेले हे रस्ते मुळात शहराला श्वास घेता यावा म्हणून आखलेले होते.

१४/ ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा त्यांनी पाठपुरावा केला. नियम सोपा आहे. खोलीला पुरेसा उजेड मिळायचा असेल, तर समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंतचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा. भूमितीच्या भाषेत, दोन इमारतींमधील मोकळी जागा इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी असावी. साठ फूट उंच चाळ असेल, तर समोर तीस फूट मोकळे आकाश.

१५/ हा नियम प्रत्यक्षात पाहायचा असेल तर दादरला जावे. दादर-माटुंगा भागाची आखणी ट्रस्टने केली : रुंद रस्ते, इमारतींमध्ये अंतर, झाडे, मैदाने. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी याच योजनेतून आल्या. तिथे मध्यमवर्ग राहायला गेला आणि गिरगावच्या वाड्यांतील अनेक पांढरपेशी कुटुंबांनाही दादरची ओढ लागली. ज्या कामगारांच्या आजारांमुळे उजेड-हवेचा विचार सुरू झाला, त्यांच्या वाट्याला ही मोकळी हवा फारच थोडी आली.

१६/ कामगारांसाठी चाळी बांधल्या गेल्या, हेही खरे. ट्रस्टच्या चाळी झाल्या. परळच्या पोयबावडीतील अशाच एका चाळीत दोन खोल्यांमध्ये डॉ. आंबेडकरांचे कुटुंब दीर्घकाळ राहिले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे दोनशेहून अधिक बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. शौचालये सामायिक. इमारती भक्कम होत्या, अंतरेही बरी होती. पण खोली एकच राहिली आणि तिच्यातील माणसांची संख्या वाढत गेली.

१७/ मग आजारी पडल्यावर काय? ज्याच्याकडे पैसा होता, तो हवापालटाला जाई. देवळाली, लोणावळा, पाचगणी ही नावे जुन्या मुंबईकर कुटुंबांच्या बोलण्यात क्षयाच्या संदर्भात येत, ती याच कारणाने. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीत बेल-एअर सॅनिटोरियम सुरू केले. मिरज-सांगलीजवळ वॉनलेसवाडीचे सॅनिटोरियम उभे राहिले. उघड्या व्हरांड्यातील खाटा, दूध, अंडी, ठरावीक वेळेला झोप, ठरावीक वेळेला फेरफटका : महिनोन्‌महिने हाच दिनक्रम. बरे होण्यासाठी वेळ विकत घ्यावा लागे.

१८/ सॅनिटोरियममध्ये आणि शहरातील मोठ्या रुग्णालयांत आणखी एक उपचार होई. सुईने छातीच्या पोकळीत हवा भरून रोगट फुप्फुस मिटवायचे, म्हणजे त्याला विश्रांती मिळून जखम भरून येईल, अशी कल्पना. भरलेली हवा शोषली जाई, म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा भरावी लागे, कधी कधी दोन-तीन वर्षे. काही रुग्णांच्या बरगड्या कापून ते फुप्फुस कायमचे दाबले जाई. या उपचारांतून माणसे वाचत, पण पुढचे सारे आयुष्य अर्ध्या श्वासावर काढत.

१९/ गिरणी कामगाराचे सॅनिटोरियम म्हणजे त्याचे गाव. खोकल्यातून रक्त पडू लागले, चढ चढवेनासा झाला, की तो बोटीने कोकणात परते. आईच्या हातचे जेवण, मोकळे अंगण, स्वच्छ हवा : त्या काळच्या वैद्यकशास्त्राने सांगितलेला उपचार त्याच्या परीने तो घेई. काही जण सावरून पुन्हा पाळीवर येत, काही येत नसत. मात्र या प्रवासाचे दोन परिणाम झाले. आजार गावच्या घरात पोहोचला आणि गावी झालेला मृत्यू मुंबईच्या नोंदींतून निसटला. गिरणीने झिजवलेला माणूस गिरणीच्या हिशेबात दिसेनासा झाला.

२०/ जे शहरातच राहिले, त्यांना आजार लपवावा लागे. बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या दरवाजावर उभे राहून काम मिळवावे लागे. जॉबरच्या नजरेत खोकणारा माणूस भरला की संपले. घरात मुलीचे लग्न ठरायचे असे. म्हणून ‘क्षय’ हा शब्द उच्चारला जात नसे. ‘छातीचा आजार’, ‘जुना खोकला’, ‘अंगात कसर’ असे आडवळणाचे शब्द चालत. रुग्णाचे भांडे वेगळे, पथारी दाराशी किंवा गॅलरीत. भांडे वेगळे ठेवून क्षय थांबत नाही. गॅलरीत झोपण्याचा मात्र खरोखर उपयोग होई, कारण तिथे हवा होती.

२१/ या सगळ्याचा भार उचलला तो बायकांनी. रुग्णाची थुंकी टाकणे, रात्री उठून पाठ चोळणे, पथ्याचे दूध कुठून तरी आणणे, शिवाय मजुरी बंद झाल्यावर घर चालवणे. अनेकींनी खाणावळी चालवल्या. गावाकडून एकट्याने आलेल्या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या या बायकांनी गिरणगाव अक्षरशः पोसला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले. क्षयाच्या इतिहासात डॉक्टरांची नावे येतात. रुग्णाला वेळेवर दोन घास मिळाले म्हणून तो तगला, याची नोंद सहसा होत नाही.

२२/ परळ हळूहळू उपचारांचेही केंद्र झाले. जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय सुरू झाले. शिवडीला महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय वाढत गेले आणि सुमारे हजार खाटांचे ते रुग्णालय देशातील सर्वांत मोठ्या क्षयरोग रुग्णालयांमध्ये गणले जाऊ लागले. एका बाजूला आजार निर्माण करणारे जग, दुसऱ्या बाजूला तो बरा करू पाहणारे, आणि मध्ये पायी चालण्याइतकेच अंतर.

२३/ १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. १९५२ मध्ये आयसोनिआझिड आले, तेही गोळीच्या रूपात आणि स्वस्त. क्षय औषधाने बरा होऊ लागला. प्रश्न आता वेगळा होता. भारतात रुग्ण लाखोंनी आणि सॅनिटोरियमच्या खाटा हजारोंनी. एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या, पोटभर न जेवणाऱ्या रुग्णाला घरीच गोळ्या दिल्या तर तो बरा होईल का? घरातल्या मुलाबाळांना धोका होईल का?

२४/ उत्तर मद्रासहून आले. तेथे १९५६ मध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. जवळपास दोनशे गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एक गट सॅनिटोरियममध्ये, एक घरी. औषधे तीच. घरच्या रुग्णांचे जेवण निकृष्ट, विश्रांती कमी, जागा अपुरी. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते. पुढील पाहणीत असेही दिसले की घरी उपचार झाल्याने कुटुंबीयांचा धोका वाढला नव्हता. औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने घटते.

२५/ जगभरातील क्षयोपचाराची दिशा या अभ्यासाने बदलली. १९६२ मध्ये भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम याच पायावर उभा राहिला. चाळीतील रुग्णासाठी याचा अर्थ मोठा होता. बरे होण्यासाठी पाचगणी लागत नाही. घर, मुले, शेजार सोडावा लागत नाही. राज्य कामगार विमा योजनेने विमाधारक कामगाराला क्षयासाठी वाढीव मुदतीचा आजारभत्ताही दिला. औषध आणि पगाराचा काही भाग एकत्र मिळणे, हे गिरणगावाच्या इतिहासात नवे होते.

२६/ पण एक अट राहिली : उपचार पूर्ण करण्याची. तेव्हाचा उपचार वर्ष-दीड वर्षाचा होता. पहिल्या दोन महिन्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते आणि रुग्णाला वाटते की आपण बरे झालो. फुप्फुसातील चिवट जिवाणू मात्र अजून जिवंत असतात. औषध मध्येच सोडले की त्यांतले सर्वांत निबर तेवढे उरतात आणि वाढतात. रिफॅम्पिसिनमुळे पुढे उपचार सहा महिन्यांवर आला. तरी सहा महिने रोज गोळ्या घेणे, पाळी, प्रवास, मळमळ आणि गुप्तता सांभाळत, हे सोपे नाही.

२७/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. अनेकांना पुन्हा काम मिळालेच नाही. संपाचा इतिहास मजुरी, राजकारण आणि जमिनीच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याचा आरोग्याशी असलेला संबंध कमी बोलला जातो. नोकरीसोबत विम्याचे संरक्षण गेले, पगारासोबत पोटभर अन्न गेले. आयुष्यभर धूळ आणि दमट हवा ओढलेली माणसे ऐन उतारवयात रिकाम्या हाताने खोल्यांत बसली.

२८/ खासगी दवाखान्यांची अवस्था काय होती? डॉ. मुकुंद उपलेकर आणि शेपर्ड यांचा १९९१ चा अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. गिरणगावाच्या उत्तरेला, धारावीत, त्यांनी शंभर खासगी डॉक्टरांना क्षयावर काय औषधे लिहून द्याल असे विचारले. उत्तरादाखल ऐंशी वेगवेगळ्या उपचारपद्धती पुढे आल्या. अपुरी, चुकीची, अर्धवट औषधे म्हणजे जिवाणूला दिलेली तालीमच. पुढील वीस वर्षांत त्याचे फळ दिसले. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या क्षयावर तपासलेले एकही औषध लागू पडत नव्हते. आजाराच्या नावावरून सरकार आणि डॉक्टरांत वाद झाला. मात्र मे २०१२ मध्ये प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक झाले.

२९/ औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी पूर्वी दोन-दोन वर्षे उपचार चाले आणि त्यातील इंजेक्शनांनी काहींची श्रवणशक्ती जाई. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन यांची अशीच गेली. बेडाक्विलिन या नव्या औषधावरील कंपनीचा एकाधिकार वाढू नये म्हणून त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांच्यासह भारतीय पेटंट कार्यालयात आव्हान दिले. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा तो अर्ज फेटाळला गेला आणि स्वस्त औषधाचा मार्ग मोकळा झाला. शंभर वर्षांपूर्वी आजार लपवणाऱ्या शहरात आता रुग्ण स्वतःच्या नावाने कायद्याची लढाई लढत होते.

३०/ उजेड-हवेचा प्रश्न मात्र फिरून तिथेच आला. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवे लावावे लागतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा वसाहतींत क्षयाचे प्रमाण मोकळ्या रचनेच्या शेजारच्या वसाहतीपेक्षा बरेच अधिक आढळले. ऑर यांनी १९१२ मध्ये सांगितलेला कोन एकविसाव्या शतकातील नकाशांतून गायब झाला होता. आज बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. तिथे खोली मोठी मिळेल. खिडकीसमोर किती आकाश मिळेल, हेही विचारले पाहिजे.

३१/ शेवटी एक गोष्ट. क्षय बरा झाला, म्हणजे फुप्फुस पहिल्यासारखे झाले असे नाही. व्रण राहतात, श्वासनलिका रुंदावतात, जिना चढताना धाप लागते, थंडीत खोकला परततो. गिरणगावच्या जुन्या चाळींत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून क्षणभर थांबणारी वृद्ध माणसे आजही दिसतात. ती का थांबतात, याची कारणे अनेक असतील. त्यांपैकी काहींच्या छातीत मात्र गिरणी, खोली आणि अर्धवट राहिलेला उपचार यांचा इतिहास आहे, आणि तो कोणत्याही दफ्तरखान्यात मिळणार नाही.

३२/ घरात आजी-आजोबा गिरणगावचे असतील, तर त्यांना ‘हवापालट’, ‘गावकीची खोली’, ‘छातीचा आजार’ हे शब्द विचारून पाहावेत. आठवणी निघतील, त्या लिहून ठेवाव्यात. आणि घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. महापालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत होते, औषधेही मोफत मिळतात. ज्या पिढ्यांना हे मिळाले नाही, त्यांचा इतिहास वाचून निदान एवढे तरी करावे.

#गिरणगाव #मुंबईचाइतिहास #इतिहासधागा